जावा भाषेतील वारसा आणि प्रवेशाधिकार

जावा भाषेचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो वरवर दिसतो तितका बाळबोध नाही. जावामधील प्रत्येक वर्ग हा अंतिमतः 'ऑब्जेक्ट' नावाच्या आदिवर्गाचा वंशज होय. या आदिवर्गात वस्तूची प्रतिकृती करून देणारी 'क्लोन' ही मेथड असून ती 'प्रोटेक्टेड' म्हणून घोषित केलेली आहे. प्रोटेक्टेड म्हणजे उपवर्गांना खुले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मग विद्यार्थी विचारतो : "माझा 'ग्रंथसूची' हा वर्ग ऑब्जेक्टचा उपवर्ग आहे. 'लेखक' हा वर्गही ऑब्जेक्टचाच उपवर्ग आहे. असे असता ग्रंथसूचीच्या मेथडमधून लेखकाच्या वस्तूवर क्लोन बोलावले, तर कंपायलर ते का नाकारतो?" दोन्ही वर्ग एकाच पॅकेजमध्ये असले तरी उत्तर बदलत नाही. "भाषेचा नियमच तसा आहे" असे सांगून शिक्षकाला वेळ मारून नेता येते. परंतु तो नियम तसा का आहे याचा विचार केला, तर वारसा आणि प्रवेशाधिकार यांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्या मनात असलेली कल्पनाच बदलावी लागते.

ही कल्पना बहुधा 'वारसा' या शब्दातूनच येते. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो व तो आपली वाटणी मागू शकतो. तद्वत पितृवर्गाजवळ जे आहे त्यावर उपवर्गाचा काही ना काही हक्क असलाच पाहिजे, आणि प्रायव्हेट, प्रोटेक्टेड, पब्लिक हे शब्द त्या हक्काचे कमीअधिक प्रमाण सांगतात, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. वारसा आणि प्रवेश या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एखाद्या वर्गाचे घटक कोणते आणि त्याची वस्तू कशाची बनलेली आहे, हे वारसा ठरवितो. त्या घटकाचे नाव प्रोग्रामच्या कोणत्या ठिकाणाहून उच्चारता येईल, हे प्रवेशाचे नियम ठरवितात. पहिल्या प्रश्नाचा संबंध वस्तूशी आहे. दुसऱ्याचा संबंध प्रोग्रामच्या लिखित मजकुरातील जागेशी आहे. या दोन व्यवस्था जेथे एकमेकींना छेदतात तेथेच अडचणीचे सारे प्रसंग उद्भवतात.

प्रवेशाच्या चार पायऱ्या वाचकांस परिचित आहेतच. प्रायव्हेट घटकाचे नाव त्याच वर्गाच्या मजकुरात उच्चारता येते. कोणताही शब्द लिहिला नसेल, तर ते त्या पॅकेजपुरते मर्यादित राहते. प्रोटेक्टेड घटक पॅकेजला व शिवाय बाहेरील उपवर्गांना उपलब्ध असतो. पब्लिक सर्वांना. येथे एवढेच नमूद करावयाचे की, सी प्लस प्लस या भाषेकडून आलेले वाचक प्रोटेक्टेड ही पायरी पॅकेजपेक्षा अरुंद समजतात, परंतु जावामध्ये ती पॅकेजपेक्षा विस्तृत आहे.

प्रथम प्रायव्हेटचा विचार करू. 'खाते' या वर्गात 'शिल्लक' हे प्रायव्हेट फील्ड आहे आणि 'बचतखाते' हा खात्याचा उपवर्ग आहे, असे समजा. प्रायव्हेट घटकांचा वारसा मिळत नाही, असे जावाचे अधिकृत भाषावर्णन स्पष्टपणे सांगते. तथापि बचतखात्याची प्रत्येक वस्तू स्मृतीत निर्माण होते तेव्हा तिच्यात शिल्लक या फील्डसाठी जागा असतेच. पितृवर्गाच्या मेथड त्या जागेत लिहितात व तेथून वाचतात. म्हणजे वस्तूजवळ शिल्लक आहे, परंतु बचतखाते या वर्गाचा 'शिल्लक' नावाचा घटक नाही. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. खाते या वर्गाच्याच मजकुरात, जेथे शिल्लक हे नाव उच्चारण्याची पूर्ण मुभा आहे तेथे, बचतखाते या प्रकारचे 'ब' हे चल घ्यावे आणि 'ब.शिल्लक' असे लिहून पाहावे. कंपायलर ते नाकारतो. आता '((खाते) ब).शिल्लक' असे लिहावे. ते तत्काळ मान्य होते. वस्तू तीच, मजकुराची जागा तीच, स्मृतीतील फील्डही तेच. बदलला तो केवळ ज्या प्रकाराच्या नावाने आपण त्या वस्तूकडे पाहिले तो प्रकार. बचतखाते या दृष्टीने पाहिले असता शिल्लक हा घटकच नाही. खाते या दृष्टीने पाहिले असता तो आहे व आपणांस खुलाही आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. प्रायव्हेटची मर्यादा वर्गाची आहे, वस्तूची नव्हे. खाते वर्गाची एक वस्तू खाते वर्गाच्याच दुसऱ्या वस्तूची शिल्लक निःसंकोचपणे वाचू शकते. दोन वस्तूंची तुलना करणाऱ्या मेथड याच सवलतीवर चालतात. यावरूनही दिसून येईल की कोणती वस्तू विचारते आहे हे येथे पाहिले जात नाही, विचारणा कोठे लिहिली आहे हे पाहिले जाते.

मेथडच्या बाबतीत याच तत्त्वाचा परिणाम अधिक फसवा होतो. खाते वर्गात 'व्याजकाढ' ही प्रायव्हेट मेथड असून 'वर्षअखेर' ही पब्लिक मेथड तिला बोलाविते. बचतखात्याच्या लेखकाने आपल्या वर्गात त्याच नावाची पब्लिक व्याजकाढ लिहिली. बचतखात्याच्या वस्तूवर वर्षअखेर बोलाविली असता कोणती व्याजकाढ चालेल? खात्याचीच. कारण उपवर्गाने जी मेथड वारशाने घेतलेलीच नाही, तिचे अधिलेखन तो करू शकत नाही. त्याने केवळ त्याच नावाची एक नवी मेथड निर्माण केली. प्रोग्राम कुरकुर न करता कंपाइल होतो आणि व्याज चुकीचे निघते. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत 'ओव्हरराइड' हे भाष्यचिन्ह आले ते अशाच प्रसंगांसाठी. ते मेथडच्या वर लिहिले असते, तर कंपायलरने हा प्रमाद तेथेच दाखवून दिला असता. सी प्लस प्लसमध्ये मात्र प्रायव्हेट व्हर्च्युअल मेथडचे अधिलेखन करता येते, कारण तेथे बोलाविण्याचा अधिकार व बदलण्याचा अधिकार हे वेगळे मानले आहेत. एका भाषेतून दुसरीत जाणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आता क्लोनच्या प्रश्नाकडे वळू. प्रोटेक्टेडविषयीचा नियम पाठ्यपुस्तकात बहुधा अर्धाच सांगितलेला असतो. पूर्ण नियम असा : पॅकेजबाहेरील उपवर्गाच्या मजकुरातून वस्तूचा प्रोटेक्टेड घटक वापरावयाचा, तर ज्या अभिव्यक्तीद्वारे आपण त्या वस्तूकडे जातो तिचा प्रकार तोच उपवर्ग अथवा त्याचा एखादा वंशज असला पाहिजे. ग्रंथसूची या वर्गात स्वतःच्या वस्तूवर किंवा ग्रंथसूचीच्याच दुसऱ्या वस्तूवर क्लोन बोलाविता येईल. लेखकाच्या वस्तूवर नाही, आणि ऑब्जेक्ट या प्रकारच्या चलावर तर नाहीच. क्लोनची घोषणा 'जावा.लँग' या पॅकेजात झाली असल्याने ग्रंथसूची व लेखक यांचे पॅकेज एक असणे येथे निरुपयोगी ठरते.

या अटीचे प्रयोजन उदाहरणाने स्पष्ट होईल. शिल्लक हे फील्ड आता प्रायव्हेटऐवजी प्रोटेक्टेड आहे आणि वरील अट अस्तित्वात नाही, अशी कल्पना करा. ज्याला दुसऱ्याच्या बचतखात्यात डोकावयाचे असेल त्याने खात्याचा एक नाममात्र उपवर्ग लिहावा आणि त्यातील मेथडला कोणतेही खाते देऊन त्याची शिल्लक वाचावी अथवा बदलावी. उपवर्ग लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून अटीशिवायचा प्रोटेक्टेड म्हणजे किंचित आडवळणाचा पब्लिकच झाला असता. अटीमुळे उपवर्गाला फक्त अशाच वस्तूंना हात लावता येतो ज्यांच्या घडणीची जबाबदारी त्याने स्वतः उचललेली आहे. भावंडांच्या वस्तूंवर त्याचा अधिकार नाही. कन्स्ट्रक्टरलाही हेच लागू पडते : पितृवर्गाचा प्रोटेक्टेड कन्स्ट्रक्टर उपवर्गाला 'सुपर' या शब्दाने बोलाविता येतो, पण परक्या पॅकेजातून 'न्यू' म्हणून पितृवर्गाची सुटी वस्तू निर्माण करता येत नाही. स्टॅटिक घटकांना ही अट नाही, कारण तेथे कोणाची वस्तू हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रोटेक्टेड या कल्पनेचा इतिहासही उद्बोधक आहे. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसच्या घडणीविषयीच्या आपल्या १९९४ सालच्या ग्रंथात लिहिले आहे की, स्टॅनफर्ड येथील 'इंटरव्ह्यूज' या लायब्ररीचे काम करीत असलेल्या मार्क लिंटन यांच्या आग्रहामुळे ही तिसरी पायरी भाषेत आली. आणि सुमारे पाच वर्षांनी त्याच लिंटन यांनी इंटरव्ह्यूजमध्ये प्रोटेक्टेड फील्ड वापरण्यास बंदी केली, कारण ती दोषांचे उगमस्थान झाली होती. मागणी करणाऱ्यानेच ती परत घ्यावी, यावरून या सवलतीची किंमत लक्षात येते.

पॅकेजपुरत्या प्रवेशाकडे पाठ्यपुस्तके फारसे लक्ष देत नाहीत. वास्तविक वारशाशी त्याचा संबंध सर्वांत चमत्कारिक आहे. 'आजोबा' हा वर्ग एका पॅकेजात आहे व त्यात कोणताही शब्द न लावलेली 'म' ही मेथड आहे. 'वडील' हा त्याचा उपवर्ग दुसऱ्या पॅकेजात असून तोही तशीच म लिहितो. ही आजोबांच्या म-चे अधिलेखन नव्हे, कारण परक्या पॅकेजात ती मेथड पोहोचलेलीच नाही. आजोबा या प्रकारच्या चलातून म बोलाविली तर आजोबांचीच चालते. आता 'नातू' हा वडिलांचा उपवर्ग पुन्हा पहिल्या पॅकेजात ठेवा आणि त्यातही म लिहा. ही म आजोबांच्या म-चे रीतसर अधिलेखन करते, वडिलांच्या म-चे करीत नाही. मधली पिढी वगळून नाते जुळते. व्यवहारात अशी रचना कोणी मुद्दाम करीत नाही, परंतु मोठ्या प्रकल्पात वर्ग एका पॅकेजातून दुसऱ्यात हलविले जातात तेव्हा ती नकळत निर्माण होऊ शकते.

या पायरीचा विधायक उपयोग पाहावयाचा असेल, तर 'जावा.युटिल' या पॅकेजातील 'हॅशमॅप' उघडून पाहावा. २०१४ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून त्यात तीन रिकाम्या मेथड आढळतात : नोंद वाचल्यावर, घातल्यावर आणि काढल्यावर बोलाविण्याच्या. त्यांवर कोणताही प्रवेशविषयक शब्द नाही. त्याच पॅकेजातील 'लिंक्डहॅशमॅप' हा उपवर्ग त्यांचे अधिलेखन करून नोंदींचा क्रम राखतो. हॅशमॅपचे इतर असंख्य उपवर्ग जगभर लिहिले गेले आहेत. त्यांपैकी कोणालाही या मेथडना हात लावता येत नाही. ज्या एका उपवर्गाचा लेखक व पितृवर्गाचा लेखक एकाच घरात बसतात, त्याच्यापुरतेच ते दार ठेवले आहे.

वारसा आणि प्रवेश यांचा सर्वांत कडक नियम अजून सांगावयाचा आहे. अधिलेखन करणाऱ्या मेथडचा प्रवेश मूळ मेथडपेक्षा विस्तृत असू शकतो, संकुचित असू शकत नाही. प्रोटेक्टेडची पब्लिक करता येते. पब्लिकची प्रोटेक्टेड करता येत नाही. इंटरफेसमधील मेथड, प्रायव्हेट म्हणून लिहिलेल्या सोडल्यास, न सांगताही पब्लिक असतात. म्हणून त्या लिहिताना पब्लिक हा शब्द विसरला की कंपायलर दुर्बल प्रवेशाची तक्रार करतो, आणि नवशिका विद्यार्थी गोंधळतो.

हा नियम नसता तर काय झाले असते? उपवर्गाची वस्तू पितृवर्गाच्या प्रकारच्या चलात ठेवण्याची मुभा हा वारशाचा प्राण आहे. कंपायलरला चलाचा प्रकार दिसतो, वस्तूचा खरा वर्ग दिसत नाही. तो पितृवर्गाची घोषणा पाहून परवानगी देणार, आणि प्रत्यक्ष चालणारी मेथड मात्र उपवर्गात प्रायव्हेट असणार. जावा व्हर्च्युअल मशीनही मेथडचे नाव प्रथम निश्चित करताना, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या प्रकाराच्या आधारे, प्रवेश तपासते. त्यानंतर वस्तूच्या खऱ्या वर्गातील मेथड निवडली जाते तेव्हा पुन्हा तपासणी होत नाही. म्हणजे संकोच करण्याची मुभा दिली असती, तरी तो कागदावरच राहिला असता. सी प्लस प्लसमध्ये असा संकोच करता येतो व पितृवर्गाच्या पॉइंटरमधून तो सहज चुकविताही येतो.

या नियमाची किंमत जावाच्या स्वतःच्या लायब्ररीने मोजलेली आहे. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत 'स्टॅक' हा वर्ग 'व्हेक्टर' या वर्गाचा उपवर्ग म्हणून लिहिला गेला. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेले प्रथम निघाले पाहिजे, ही त्याची व्याख्याच होय. त्यासाठी त्याच्या लेखकांनी पाच मेथड दिल्या. परंतु व्हेक्टरच्या पब्लिक मेथड त्याला आपोआप मिळाल्या, आणि त्यांत कोणत्याही स्थानी घटक घुसविणारी व कोणत्याही स्थानाचा घटक काढणारी अशा दोन्ही आहेत. स्टॅकच्या तळाशी काहीही सरकविता येते. हे दार स्टॅकच्या लेखकांना बंद करता आले नसते, कारण प्रवेश अरुंद करता येत नाही; आणि सी प्लस प्लसप्रमाणे वारसाच प्रायव्हेट ठेवण्याची सोय जावाने स्वीकारलेली नाही. १९९८ च्या आवृत्तीत व्हेक्टरला 'लिस्ट' या इंटरफेसच्या मेथड जोडण्यात आल्या, तेव्हा स्टॅकची दारे आणखी वाढली. तीही स्टॅकमध्ये एक अक्षर न बदलता. २००६ साली 'डेक' हा इंटरफेस आल्यानंतर स्टॅकचे स्वतःचे दस्तऐवजच वाचकाला त्याकडे जाण्यास सुचवू लागले. स्टॅक मात्र काढता आलेला नाही.

व्हेक्टरची दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. त्याची तीन फील्डे, घटकांचा ॲरे, घटकांची संख्या आणि वाढीचे प्रमाण, प्रोटेक्टेड आहेत. कोणीही उपवर्ग लिहून त्या ॲरेला थेट हात लावू शकतो. म्हणून व्हेक्टरच्या लेखकांना तो ॲरे बदलून त्या जागी दुसरी रचना आणण्याची मोकळीक उरलेली नाही. याच्या उलट 'स्ट्रिंग' या वर्गाची गोष्ट पाहावी. त्याचा अक्षरसंचय प्रायव्हेट आहे आणि वर्ग 'फायनल' असल्याने त्याला उपवर्ग नाहीत. २०१७ च्या नवव्या आवृत्तीत स्ट्रिंगच्या पोटातील 'कॅर' प्रकारचा ॲरे काढून तेथे बाइटचा ॲरे बसविण्यात आला, जेणेकरून लॅटिन-१ संचातील अक्षरांना निम्मी जागा पुरावी. जावात सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या वर्गांपैकी एकाचे अंतरंग बदलले, आणि भाषेच्या नियमांनी चालणाऱ्या एकाही प्रोग्रामला त्यासाठी बदल करावा लागला नाही. देवनागरी मजकुराला या काटकसरीचा लाभ नाही, हे मराठी वाचकाने ओघाने जाणून घ्यावे. आपल्या अक्षरांना पूर्वीप्रमाणेच प्रत्येकी दोन बाइट लागतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रोटेक्टेडला 'अर्धे गुप्त' मानणे हाच मूळ प्रमाद आहे. जावाचे दस्तऐवज तयार करणारे 'जावाडॉक' हे साधन काही वेगळे न सांगितल्यास पब्लिक व प्रोटेक्टेड हे दोन्ही घटक छापते आणि उरलेले दोन वगळते. म्हणजे अधिकृत साधनाच्या दृष्टीने खरी सीमारेषा पॅकेज आणि प्रोटेक्टेड यांच्यामध्ये आहे. तिच्या अलीकडचे लेखकाला केव्हाही बदलता येते. पलीकडचे एकदा प्रसिद्ध झाले की अनोळखी उपवर्गांशी केलेला तो करार होतो. ॲलन स्नायडर यांनी १९८६ साली दाखवून दिले होते की, उपवर्गांना पितृवर्गाचे अंतरंग खुले केल्यास माहिती झाकण्याचा हेतूच विफल होतो, आणि उपवर्ग हेही पितृवर्गाचे गिऱ्हाईकच मानून त्यांच्यासाठी वेगळा, विचारपूर्वक आखलेला दर्शनी भाग असावा. जावाची घडण त्यानंतर १९९१ साली सुरू झाली, तरी व्हेक्टरची फील्डे प्रोटेक्टेड राहिलीच.

अलीकडील आवृत्त्यांनी या चित्रात दोन भर घातल्या आहेत. २०१७ पासून मॉड्यूलची व्यवस्था आली; मॉड्यूलने जे पॅकेज बाहेर खुले केलेले नाही, त्यातील पब्लिक वर्गही बाहेरच्यांना मिळत नाही, म्हणून पब्लिक म्हणजे सर्वांना हे विधान आता मर्यादित अर्थानेच खरे आहे. २०२१ च्या सतराव्या आवृत्तीत 'सील्ड' वर्ग स्थिर झाले : आपले थेट उपवर्ग कोण असू शकतील, हे पितृवर्ग नावानिशी सांगतो. पूर्वी याच हेतूने कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करून उपवर्ग वर्गाच्या पोटातच लिहावे लागत. प्रवेशाचे शब्द नाव कोणी उच्चारावे हे सांगतात. वंश कोणी चालवावा हे सांगण्यासाठी जावाला आतापर्यंत 'फायनल' हा संपूर्ण नकार तेवढा उपलब्ध होता. सील्ड वर्गाच्या प्रोटेक्टेड फील्डला हात लावू शकणारे थेट उपवर्ग मोजता येतात, आणि ते वर्ग फायनल अथवा स्वतःही सील्ड असले, तर सारा वंशच मोजता येतो. त्यांपैकी एखादा जरी 'नॉन-सील्ड' असला, तरी त्याच्याखालील वंश पुन्हा पूर्वीसारखाच अमर्याद होतो.